मिरजेतल्या खाटेखाली साताऱ्याचा वेढा

या ब्लॉगवर मी घाटरस्त्यांबद्दल आणि किल्ल्यांबद्दल बरंच लिहितो. ते वाचून काही जण विचारतात, की काका, तुम्हाला लढाया मांडून खेळायचा नाद लागला कुठे? त्याचं उत्तर द्यायचं तर सत्तरच्या दशकातला एक प्रवास सांगावा लागेल. सातारा ते मिरज, मधे औंध. आज गाडीनं तीन तासांत होतो. आम्हाला जायला सबंध दिवस लागला आणि परत यायला दहा दिवस.

प्रवास ठरला तो नानांच्या डोळ्यामुळे. नाना म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. औंधपासून तासाभराच्या चालीवर त्यांचं गाव. ज्वारी काढताना धाटाचं टोक लागून त्यांचा डावा डोळा कायमचा गेला होता. उजव्यात मोतीबिंदू पिकला आणि माणसं आवाजावरनं ओळखायची वेळ आली. मिरजेला ऑपरेशन करायचं ठरलं. मुलगा सैन्यात, वरती कुठल्याशा बर्फात, त्याला रजा मिळेना. नानांच्या पत्नी, आमच्या काकी, त्यांच्या मागं दोन म्हशी आणि काढणीला आलेलं रान. उरलो मी. शाळेत शिक्षक होतो, रजा शिल्लक होती आणि लग्न व्हायचं होतं. आईनं तर आधीच पिशवी भरून ठेवली होती.

नानांची आणि माझी ओळख खेळातली. माझी पहिली नेमणूक औंधला होती. एका रविवारी फिरत फिरत त्यांच्या गावी गेलो, तर गोठ्याच्या एका कोपऱ्यात वाळू पसरून हा मिशीवाला माणूस डोंगर करत बसलेला. पलटणीत हल्ला करायच्या आधी जवानांना मुलूख समजावा म्हणून वाळूत नकाशा मांडतात. त्याला ते सँड मॉडेल म्हणतात. नाना ते शिकवायचे. निवृत्तीनंतर हात गप्प बसेनात, म्हणून त्यांनी गोठ्यात जुन्या लढाया मांडायला सुरुवात केली. मी इतिहास शिकवणारा. त्या दिवशी जेवायलाच थांबलो आणि पुढची सहा वर्षं दर रविवारी जात राहिलो. साताऱ्याला बदली झाली तरी जात राहिलो.

नियम आमचे आम्हीच केले होते. चिंचोके म्हणजे पायदळ, लाल गुंजा म्हणजे घोडदळ, सागरगोटे म्हणजे रसदीचे बैल. अंतर मोजायला गाठी मारलेली सुतळी. आणि नशिबाचा वाटा म्हणून सहा कवड्या. जेवढ्या उताण्या पडतील तेवढं बळ. अडचण एकच होती. आमच्या भागात मराठ्यांच्या विरुद्ध बाजूनं खेळायला माणूस मिळत नाही. एकदा गावातल्या तिघाचौघांना खेळायला बसवलं, तर बादशहाच्या बाजूला बसलेला दर डावात मुद्दाम फौज दरीत घालायचा आणि सगळे खूश होऊन चहा प्यायचे. शेवटी कायमचे बादशहा झाले ते नाना. पलटणीच्या सरावातही ते कायम दुश्मन पार्टीत असायचे. ते म्हणायचे, "दुश्मन खरा लढला तरच आपली पोरं शिकत्यात, मास्तर." आणि ते खरे लढायचे. सहा वर्षांत मी त्यांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा हरवलं असेल. गाव त्यांना बादशा म्हणून चिडवायचं आणि ते मिशीवरून हात फिरवायचे.

तर माघातल्या एका सकाळी मी सातारा स्टँडवरून औंधची एसटी पकडली. कोरेगाव, रहिमतपूर करत गाडी निघाली की कृष्णेकाठचा ऊस मागे पडत जातो आणि औंध येईस्तोवर मुलूख कोरडा होतो. तुम्ही गेलात तर यमाईच्या डोंगरावर जरूर चढा, वरून सगळा भाग दिसतो. मला त्या दिवशी वेळ नव्हता. खालूनच हात जोडले आणि देवीला एका डोळ्याचं सांगितलं.

चालत त्यांच्या गावी पोचलो, तर नाना फेटा बांधून तयार होते. काकींनी बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे असं फडक्यात बांधून दिलं. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "मास्तर, त्यांस्नी गप पडून ऱ्हायची सवं न्हाई. तेवढं बगा." मी हो म्हटलं. हे काम किती अवघड आहे, याची मला कल्पना नव्हती. नानांनी माझ्या हातात एक गठुडं दिलं. आत जुन्या धोतराचं पान होतं. त्यावर शाईनं कृष्णा, वेण्णा, माहुली, अजिंक्यतारा आणि पलीकडचे ओढे काढलेले, आणि एका चंचीत चिंचोके, गुंजा, सागरगोटे, सुतळी नि कवड्या. डोळ्यांनी धड दिसत नसताना ते धोतर त्यांनी आठवणीतनं रंगवलं होतं. कुठला खेळ, हे विचारायची गरज नव्हती. साताऱ्याला बादशहाचा वेढा पडलाय, माणदेशाकडून बैलांवर रसद निघालीय आणि ती नदी उतरून छावणीत पोचते का, एवढाच प्रश्न. रसद त्यांची, घोडी माझी.

रहिमतपूर स्टेशनपर्यंत बैलगाडी आणि तिथून मिरजेची पॅसेंजर. इंजिन कोळशाचं होतं. या प्रवासातली मला आठवणारी सगळ्यात मोठी चिंता म्हणजे कोळशाची कणी. एक कणी डोळ्यात गेली असती तर मिरजेला जायचं कारणच संपलं असतं. मी नानांना इंजिनाकडे पाठ करून, खिडकीपासून लांब बसवलं आणि तोंडावर ओला पंचा टाकला. ते पंचाआडून प्रत्येक स्टेशन विचारत होते आणि तिथून नदी किती लांब ते स्वतःच सांगत होते. कऱ्हाडच्या पुढे समोरच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी आमचं बोलणं ऐकलं. नाना म्हणत होते, की माझी फौज माहुलीपाशी उतरली की तुमच्या घोड्यांना पाणी बी मिळू द्यायचा न्हाई. गृहस्थांनी मला हळूच विचारलं, की पाहुणे कुठल्या फौजेतले? मी म्हटलं, बादशहाच्या. ते सांगली येईपर्यंत आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

ताकारी, भिलवडीच्या बाजूला गुऱ्हाळं चालू होती आणि डब्यात काकवीचा वास भरला होता. सांगलीला भडंग घेतलं, कागदाच्या पुडीत, लसणाचं भरपूर. तिकिटाचे पैसे आता आठवत नाहीत. दोघांच्या तिकिटात आज एक चहाही यायचा नाही, एवढं नक्की. मिरज स्टेशनबाहेर टांगेवाल्यानं कुठं जायचं असं न विचारता कुठल्या दवाखान्यात असं विचारलं. त्या गावात बाहेरून आलेला माणूस एक तर आजारी असतो, नाही तर आजाऱ्याच्या सोबतीला.

डॉक्टर तरुण होते, कमी बोलणारे. त्यांनी नानांना नाही, मला समजावलं. ऑपरेशन अर्ध्या तासाचं. खरं काम त्यानंतरचं. दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि पाच दिवस उताणं. मान वळवायची नाही, शिंकायचं नाही, उठून बसायचं तर मुळीच नाही. झटका बसला आणि टाका सुटला तर दुसरी संधी नाही. "एकच डोळा आहे, लक्षात ठेवा," ते मला म्हणाले. नानांनी विचारलं, वाळू नदीची हाय का समुद्राची. डॉक्टर हसले नाहीत.

ऑपरेशनच्या दिवशी मला काही काम नव्हतं, म्हणून मी गावात हिंडलो. मिरजेला जाल तर तंतुवाद्यांची गल्ली चुकवू नका. घराघरांच्या ओट्यावर तंबोऱ्याचे भोपळे वाळत ठेवलेले असतात. मी एका म्हाताऱ्या कारागिरासमोर थांबलो. त्यांच्याकडे तडा गेलेल्या भोपळ्यांचा ढीग पडला होता. मला डोंगर हवे होते. रुग्णालयात वाळू नेऊ दिली नसती. कशाला पाहिजे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. त्यांनी काही बोलण्याआधी करवत उचलली आणि तीन भोपळ्यांचे माथे कापून दिले. अजिंक्यताऱ्यासाठी वरून जरा सपाट बघून काढून दिला. पैसे घेतले नाहीत. वाजायचा तो वाजंना, निदान लढाईला तरी लागू दे, असं काहीतरी म्हणाले.

पहिला दिवस नाना गुंगीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चार वेळा उठायचा प्रयत्न केला. माणूस चाळीस वर्षं पहाटे चारला उठून मैलभर चालणारा. पाठ दुखतेय म्हणाले, तंबाखू मागितली, सिस्टरना शिस्त शिकवली. मी छातीवर हात ठेवून त्यांना अक्षरशः दाबून धरलं. मग गठुडं उघडलं. खाटेखाली धोतर पसरलं, भोपळे ठेवले, सैन्य मांडलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांचा हात चादरीवर शांत झाला. "बारा बैल," ते म्हणाले. "फुडं वीस चिंचोकं, मागं धा. ओढ्यापातुर दोन गाठी."

असे आमचे दोन दिवस गेले. ते बोलायचे, मी खाटेखाली वाकून दोन्ही फौजा हलवायचो. दोघांच्याही कवड्या मीच टाकायचो आणि किती पडल्या ते मीच सांगायचो. सगळा मुलूख त्यांच्या डोक्यात होता. एकदा मी त्यांची तुकडी ओढ्याच्या चुकीच्या काठाला ठेवली, तर दहा मिनिटांनी, मी वाचलेल्या अंतरावरनंच, त्यांनी सांगितलं, की मास्तर, ती पल्याड हायेत. सिस्टर येता-जाता धोतर ओलांडायच्या आणि कुठे पाय ठेवू असं विचारायच्या. नाना हलत नव्हते. मला वाटलं, जिंकली लढाई.

चौथ्या दिवशी मात्र ते खचले. पाठीला रग लागली होती, रात्रभर डोळा लागला नव्हता. सकाळी चहाही नको म्हणाले. मग अगदी हळू आवाजात, की पट्टी काढल्यावर बी अंधारच असला तर मला हितंच ठिवून जावा. त्यांच्या तोंडून असं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांची रसद तेव्हा माहुलीच्या नदीउताराशी आली होती आणि माझी घोडी भोपळ्याआड, एका गाठीवर, नेमकी दबा धरून. मी कवड्या टाकल्या. पाच उताण्या. बैल सगळेच्या सगळे माझे झाले असते.

मी म्हणालो, "एक."

त्यांचे बैल पाण्यात उतरले. मी पुन्हा टाकल्या, चार. मी म्हणालो, दोन, आणि त्यातही अंतर पुरत नाही. बारा बैल कृष्णा उतरून पलीकडे गेले. एका आजारी माणसाला एवढं सुख द्यायला काय हरकत आहे, असा हिशेब मी मनात केला होता. ते खूश होतील, निवांत पडतील, शेवटचा दिवस निघून जाईल. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

नानांनी चादरीवर बोटांनी गाठी मोजल्या. मग म्हणाले, "माजी रसद दारात आली, आन् तुमची घोडी गवत खात ऱ्हायली?"

कवड्या वाईट पडल्या नाना, मी म्हटलं.

"कवड्या वाईट पडल्या की तुमी शिव्या देता, मास्तर. सा वर्सं ऐकतोय. आज एक बी शिवी न्हाई."

मी घाईघाईनं कवड्या गोळा करायला लागलो. आणि त्या घाईतच त्यांना सगळं कळलं. त्यांनी दोन्ही हात खाटेवर रेटले आणि ते उठून बसले. वाळूची एक पिशवी खाली पडली, भोपळ्यावर. "मला आंधळा समजलास व्हय रं?"

सहा वर्षांत त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मी त्यांचे खांदे धरून त्यांना मागे लोटत होतो आणि सिस्टरना हाका मारत होतो. सिस्टर धावत आल्या. डॉक्टर आले, त्यांनी पट्टी उचलून बॅटरीनं पाहिलं. चेहऱ्यावर काहीच दिसू दिलं नाही. पुन्हा पट्टी बांधून त्यांनी विचारलं, काय झालं, कशाला उठलात? मी तोंड उघडायच्या आधी नाना म्हणाले, "माजीच चूक. पाठ लागली म्हनून उठलो." टाक्याचं काय, ते पट्टी निघेल तेव्हाच कळेल, असं सांगून डॉक्टर गेले.

त्या दुपारी मी मिरजेत कुठे कुठे चाललो ते मला सांगता येणार नाही. पुन्हा त्या गल्लीतून गेलो, स्टेशनवर जाऊन बसलो, गाड्या बघितल्या. काकींना काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. दया दाखवायला गेलो आणि ज्या एका गोष्टीसाठी मला पाठवलं होतं तीच मी बिघडवली. कणीला जपलं, शिंकेला जपलं आणि शेवटी त्यांना उठवलं मीच. स्वतःचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता, नंतरही नाही.

परत आलो तेव्हा ते तसेच उताणे होते. माझ्या पायांचा आवाज ओळखून म्हणाले, "जितनं खोटं बोललास तितनं मांड."

नाना, आता राहू द्या, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही. मी बैल पुन्हा उताराशी आणले, घोडी भोपळ्याआड नेली. ते म्हणाले, आधीच्या दोन फेऱ्या रद्द, नव्यानं टाक. मी टाकल्या आणि जे पडलं ते सांगितलं. चार. माझी घोडी बैलांवर पडली. पाच बैल गेले. त्यांनी मागचे दहा चिंचोके वळवून माझी वाट अडवली, पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी, नेमक्या त्याच जागी जिथे मी अडलो असतो. पुढच्या फेरीला माझी एकच कवडी उताणी पडली. मी अशी शिवी हासडली, की शेजारच्या वॉर्डातून सिस्टर आल्या आणि हे रुग्णालय आहे म्हणून मला ऐकवून गेल्या. पट्टीखाली नानांच्या मिशा हलल्या. मान हलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लढाई चालली. मी काही सोडलं नाही. शेवटी दहा बैल माझे झाले आणि दोन छावणीत पोचले. मी एकेक वाचून दाखवला. ते ऐकत होते. "दोन पोचलं न्हवं," ते म्हणाले. "दोन बैलांत छावनी एक दिस जेवंल. आता निजतो." आणि मिरजेला आल्यापासून पहिल्यांदाच ते घोरायला लागले.

सहाव्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी एक जाड भिंग डोळ्यासमोर धरलं आणि हात वर केला. मी भिंतीला टेकून उभा होतो. नानांनी फार वेळ घेतला. मग म्हणाले, "तीन बोटं. आन् अंगठी हाय." टाका शाबूत होता. डॉक्टर त्या दिवशी हसले. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो, चांगला मोकळा रडलो.

आणखी तीन दिवसांनी सोडलं, तात्पुरता जाड चष्मा लावून. परतीच्या गाडीत मी पंचा पुन्हा भिजवला, पण त्यांनी तो तोंडावर घेतला नाही. काच होती डोळ्यावर. सांगली ते रहिमतपूर ते बाहेर बघत होते; ऊस, मोटा, पुलाखालचं पाणी. मला मास्तर म्हणायचे, पण आता "तू" म्हणत होते. शेवटपर्यंत तेच राहिलं आणि मला ते आवडलं.

घरी काकी उंबऱ्यात भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते ओवाळून टाकलं. नानांनी चष्मा सावरत त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "लय म्हातारी झालीस गं."

"मी कवाच झाले," काकी म्हणाल्या. "तुमास्नी दिसत नव्हतं." आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

तो डोळा नानांना पुढे पुष्कळ वर्षं पुरला. माझा नाद तर अजून सुटलेला नाही. आता नातवंडांच्या वयाची पोरं बाजारातून आणलेली तयार सैन्यं घेऊन येतात, नियमांची पुस्तकं आणतात आणि मी त्यांच्याशी जोरात भांडतो. कुणी माझ्या वयाकडे बघून सांभाळून घेतोय असं वाटलं, की मी खेळ थांबवतो. मिरजेला जाणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच, की आजाऱ्याबरोबर जाल तर त्याच्याशी तो आजारी नसताना जसे वागायचात तसे वागा. ते मला जमायला चार दिवस लागले.

नानांना घरी सोडलं त्या संध्याकाळी मी साताऱ्याला घरी पोचलो. आईनं पाट मांडला, वाढायला घेतलं आणि सगळं विचारून घेतलं. दवाखाना कसा, डॉक्टर कसे, चष्म्याला किती पडले. मग तिनं विचारलं, इतके दिवस दोघांनी केलंत काय? मी खेळाचं सांगितलं. आणि शेवटी मीच जिंकलो, तेही सांगितलं. तिचा वाढता हात थांबला.

"अरे, आंधळ्या माणसाला हरवून आलास?"

मी म्हणालो, "आई, ते आंधळे नव्हते."